पडद्यावरचे दुःख

आमच्या धारूरला दिवाळीच्या दिवसांत दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. घराघरांतून चकल्या तळल्याचा वास येत असतो, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर भरत असतात. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, पाण्याचे हंडे, गोधड्या, एखादी शेळी आणि या साऱ्याच्या वर बसलेली माणसे. दसरा झाला की हे जाणे सुरू होते. कोणाची दिवाळी घरी होते, कोणाची वाटेत. बालाघाटच्या डोंगरातली ही माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या उसावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या कामात ‘एक कोयता’ म्हणतात. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. माणसे हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा आमच्या कानांना इतकी सरावाची झाली आहे की तिच्यात काही खटकण्याजोगे आहे असे आम्हाला वाटतच नाही.

मी या गावात शिक्षिका आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा लहान मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तात्त्विक प्रश्नाला हात घालण्याचा माझा अधिकार फारसा नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु या पावसाळ्यात एक लहानसा प्रसंग घडला आणि त्याने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला, तो अजून खाली बसायला तयार नाही. म्हणून हा खटाटोप.

प्रसंग असा : शाळेच्या पटांगणात एका संध्याकाळी चित्रपट दाखवायचे ठरले. चार उत्साही तरुणांनी पडदा बांधला, यंत्र आणले. चित्रपट एका कर्जबाजारी शेतकऱ्याचा होता. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण चित्रपट वाईट नव्हता आणि दोष त्याचा नव्हता. सगळे जसेच्या तसे होते. भेगाळलेले रान, चुलीवर काळे पडलेले भगुले, बँकेच्या दारात ताटकळणारी माणसे, सावकाराची वही. शेवटी शेतकरी जीव देतो, बायको त्याच्या वहाणा छातीशी धरून बसते आणि पडदा काळा होतो. बायका पदराने डोळे पुसत उठल्या. मीही रडले. आणि खरे सांगायचे तर, रडून मला बरे वाटले.

त्याच गर्दीत आमच्या गल्लीतली एक बाई बसली होती. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने असाच जीव दिला. तुला हे पाहवेल का, असे तिला आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते. ती शेवटपर्यंत बसली आणि रडली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती ज्वारी निवडीत होती. मी म्हटले, “आमचं चुकलं गं. तुला काल बोलवायलाच नको होतं.” तिने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाली, “न्हाई बाई, खरं दावलं त्यांनी. पर मालक मेले की त्यांचा शिनेमा सरला. आमचं तर तवा सुरू झालं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “आन् त्याच्यात शेजारपाजार कुठं व्हता? निस्ता सावकारच दावला.”

या दोन वाक्यांपैकी पहिले मला लगेच कळले. दुसरे कळायला वेळ लागला. त्याकडे मी मागाहून येते.

दुःखाचे चित्र पाहून माणसाला बरे का वाटावे, हा प्रश्न फार जुना आहे. भरताने आठ रस सांगितले, त्यांत करुण आहे आणि त्याचा स्थायी भाव शोक आहे. शोकातून आनंद कसा निघतो, या कोड्यावर आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके डोके खपवले. साहित्यदर्पणकार विश्वनाथ सरळ व्यवहाराचे बोलतो : करुणाने खरोखर दुःखच होत असते, तर लोक रामायणाकडे वळलेच नसते. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी त्याहून खोल उत्तर दिले. रंगभूमीवरचे दुःख कोणा एकाचे उरत नाही, ते ‘साधारण’ होते. त्याच्यावर मालकीची खूण राहत नाही, म्हणून ते आपल्याला चाखता येते. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही जवळपास हेच निरीक्षण केले. जी गोष्ट प्रत्यक्षात पाहवत नाही, तिचे हुबेहूब चित्र आपण आवडीने पाहतो, असे तो म्हणतो आणि उदाहरण देतो ते प्रेताचे.

हे सारे मान्य केले तरी घडलेल्या शोकान्ताचा वास्तववादी चित्रपट समोर आला की ही व्यवस्था डळमळते. कारण असा चित्रपट मुद्दाम सांगतो की हे खोटे समजू नका, हे घडले आहे. दुःखावरची मालकीची जी खूण शास्त्रकारांनी पुसली, ती तो पुन्हा उमटवतो. सीतेचे दुःख पाहताना सीता आपल्या शेजारी बसलेली नसते. आमच्या पटांगणात ती बसली होती.

याचा अर्थ असे चित्रपट काढू नयेत असा नव्हे. वास्तवाकडे वळण्याचे धाडस मराठी माणसाने फार लवकर केले, याचा मला अभिमान वाटतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. पडद्यावर तोवर बहुधा देव आणि राजे वावरत असत. त्या पडद्यावर त्यांनी एक कर्जात बुडालेला शेतकरी आणला. सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांताराम यांनी केले होते. आज शंभर वर्षे उलटली. तो पाश सुटला असे म्हणण्याची सोय नाही. पुढे 1943 च्या बंगालच्या दुष्काळावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1946 साली ‘धरती के लाल’ काढला. 1953 साली बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. त्यातला शंभू दोन बिघे जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्यात माणसे ओढणारी रिक्षा ओढतो आणि शेवटी परततो, तेव्हा त्या जमिनीवर कारखाना उभा राहत असतो. तो तिथली मूठभर माती उचलतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो. येथे नायक मरत नाही. त्याला जगायचे आहे, हाच त्या शेवटाचा घाव आहे. माझ्या शेजारणीला हा शेवट आपला वाटला असता.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) मला याच कारणासाठी मोठा वाटतो. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा हा चित्रपट शेजाऱ्याच्या मरणापासून सुरू होतो. त्या मरणाने भ्यालेली एक बाई आपल्या जिवंत नवऱ्यावर पहारा ठेवते, लहान मुलाला त्याच्या मागे मागे पाठवते. ते पाहताना हसूही येते, आणि आपण का हसलो म्हणून लाजही वाटते. मरण दाखवणे त्या मानाने सोपे आहे. मरणाच्या भीतीने घातलेला एकेक दिवस दाखवणे अवघड आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटात मुंबईच्या गटारात उतरून मेलेल्या एका कामगाराची विधवा साक्ष देते. आपला नवरा गटारात उतरण्याआधी आत झुरळ दिसते का ते पाहत असे, असे ती सांगते. झुरळ बाहेर आले म्हणजे खाली श्वास घेण्यापुरती हवा आहे. ती हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही, रडत नाही. ज्या बाईने हे काम केले, तिचाही नवरा याच कामाने गेलेला होता. तिने अभिनय केला असे म्हणावे की साक्ष दिली, हे मला अजून ठरवता आलेले नाही. एवढे मात्र कळले की ज्याचे दुःख त्याने सांगितले की त्यात अश्रू कमी असतात आणि तपशील जास्त.

आता काही सुज्ञ माणसे म्हणतात, घरात का दुःख कमी आहे म्हणून पैसे मोजून ते पाहायला जावे? सणासुदीला तर नकोच. ही भूमिका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला मोठी परंपरा आहे. इसवी सनापूर्वी 494 साली इराणी सैन्याने मिलेटस हे ग्रीक शहर घेतले आणि तिथल्या माणसांना गुलाम केले. थोड्याच काळाने फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने अथेन्समध्ये त्यावर नाटक केले. सारे नाट्यगृह हुंदके देऊन रडले. आणि मग अथेन्सने काय करावे? नाटककाराला एक हजार द्राख्मांचा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणी करू नये असा हुकूम काढला. हिरॉडोटस सांगतो, त्याचा अपराध असा की त्याने लोकांना त्यांच्या स्वतःच्या दुःखाची आठवण करून दिली.

मी हे प्रथम वाचले तेव्हा अथेन्सवासी फार हळवे असावेत असे मला वाटले. पुढे त्याच इतिहासकाराकडून कळले की मिलेटसने बंड केले तेव्हा अथेन्सने मदतीला वीस जहाजे पाठवली होती आणि एक लढाई हरताच ती परत बोलावली होती. मिलेटसकडून पुन्हा पुन्हा विनवण्या आल्या, तरी अथेन्सने नंतर मदत केली नाही. मग ते रडणे आणि तो दंड यांचा मला निराळाच अर्थ लागला. नाटकाने त्यांना केवळ दुःख दाखवले नव्हते. मागे फिरलेली जहाजेही आठवून दिली असावीत.

दाखवू नये, बोलू नये, याचे फळ काय असते हे आम्ही बीड जिल्ह्यात पाहिले आहे. उसाच्या फडात एक दिवसाचा खाडा पडला तर दंड बसतो, उचल अंगावर राहते. म्हणून कितीतरी बायकांनी ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकले. आमच्याकडे त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. भाजी आणली म्हणावे तसे हे शब्द आम्ही विहिरीवर, दळणाच्या रांगेत वर्षानुवर्षे ऐकत होतो. 2019 साली वर्तमानपत्रांनी हा विषय लावून धरला, शासनाने समिती नेमली, आणि पाहणीत 82,000 हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी 13,000 हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आकडा छापून आला तेव्हा आम्हीही हळहळलो. जे आम्हाला माहीतच होते, त्याची हळहळ वाटायला आम्हाला बाहेरचा आकडा लागला. तेव्हा दाखवणारा हवा. त्याच्यावाचून सवयीचे दुःख दिसतच नाही.

पण दाखवले म्हणजे दिसलेच, असेही नाही. 2016 साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. तोवर कोणत्याही मराठी चित्रपटाला मिळाले नव्हते एवढे उत्पन्न त्याला मिळाले. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलामुलीचा त्यांच्याच माणसांनी केलेला खून, असा त्याचा शेवट आहे, आणि तो शेवट आवाजाविना आहे. एक लहान मूल रक्तात पाऊल बुडवून बाहेर चालत जाते, बस्स. तो पाहून चित्रगृहातली माणसे दगडासारखी बसून राहिली. आणि त्याच चित्रपटातले ‘झिंगाट’ आजही आमच्याकडच्या वरातीत वाजते. ज्या वरातीत ते वाजते, त्या घरची मुलगी उद्या जातीबाहेर लग्न करते म्हणाली तर? तेव्हा नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ती लाल पावले आठवतील? गाण्यावर नाचू नये असे मी म्हणत नाही. मीही नाचले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की तिकिटाच्या पैशांत आपण रडतो, नाचतो आणि दोन्हींची पावती घेऊन घरी येतो. पडद्यावरचे दुःख आपल्याजवळ काही मागत नाही, म्हणूनच ते आपल्याला इतके जवळचे वाटते.

येथे मला भवभूतीची आठवण होते. तो आपल्या विदर्भाचा, पद्मपूरचा. करुणाची थोरवी त्याच्याइतकी कोणी जाणली नाही. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त शेवटच्या अंकात नाटकातले नाटक आहे. वाल्मीकीने सीतेच्या त्यागाची कथा रचली आहे, अप्सरा ती करून दाखवीत आहेत आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसला आहे. म्हणजे प्रत्यक्ष घडलेला शोकान्त, ज्याच्या आयुष्यात तो घडला त्याच्याच समोर. राम ते पाहून मूर्च्छित होतो. आपण बहुतेक वाचक त्या मूर्च्छेपाशीच थांबतो. पण त्या मेळाव्यात आणखी कोणी तरी होते, ते आपण विसरतो. अयोध्येचे पौरजन होते. ज्यांच्या कुजबुजीने सीता रानात गेली, ते हेच. खरी सीता परत येते, तेव्हा अरुंधती या लोकांकडे वळते, त्यांना बोल लावते आणि मग ते सीतेपुढे वाकतात. भवभूतीला हे नाटक रामापुढे करायचे होते, तितकेच या लोकांपुढेही करायचे होते.

करुण चित्रपट पाहताना आपण मनाने सीतेच्या जागी किंवा रामाच्या जागी बसतो. पण आपले तिकीट पौरजनांच्या रांगेतले असते. माझ्या शेजारणीचे दुसरे वाक्य मला येथे येऊन कळले. शेजारपाजार कुठे होता? निस्ता सावकारच दाखवला.

आता जे लिहायचे ते लिहायला हात रेंगाळतो आहे. तिचा नवरा गेला त्या वर्षी, मृग निघायच्या आधी, तो आमच्या दारी आला होता. बियाण्यासाठी पाच हजार रुपये मागत होता. पैसे नव्हते असे नाही. घराला रंग द्यायचा होता. मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात बघू.” त्याने वाद घातला नाही. तांब्याभर पाणी प्याला आणि गेला. पोळ्याच्या आसपास त्याने जीव दिला. माझ्या पाच हजारांनी तो वाचला असता, असे मी म्हणत नाही. त्याचे देणे मोठे होते. अशा घराला 2006 पासून सरकार एक लाख रुपये देते. पण त्यासाठी कर्ज बँकेचे, सोसायटीचे नाही तर परवाना असलेल्या सावकाराचे असावे लागते. याचे देणे दुकानदाराचे, पाहुण्यारावळ्यांचे, हातउसने. ते कागदावर नव्हते, म्हणून त्याचे मरणही कागदावर बसले नाही. त्या घराला काही मिळाले नाही.

दोन वर्षांनी मी एक कादंबरी लिहिली. तीत दुष्काळ आहे, सावकार आहे, आटलेली विहीर आहे आणि शेवटी एक शेतकरी मरतो. वाचून रडलो म्हणून मला लोकांची पत्रे आली. त्या कादंबरीत रंगाच्या पैशांसाठी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारी शिक्षिका कुठेही नाही. माझ्या रंगवलेल्या भिंतीला टेकून मी ती लिहिली. पटांगणातल्या त्या चित्रपटाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार म्हणूनच मला नाही. त्याने जे गाळले, तेच मीही गाळले होते. सावकार दाखवला की वाचक सुटतो, लेखकही सुटतो.

तेव्हा माझ्यापुरते मी एवढे ठरवले आहे. घडलेल्या दुःखावर कोणी चित्रपट काढला तर तो मी पाहीन. तो खरा आहे की नाही हे ठरवताना भांडी, कपडे, बोली जुळतात का, एवढ्यावर थांबणार नाही. ज्याच्यावर ते ओढवले त्याला हा चित्रपट समोर बसवून दाखवता येईल का, हे आधी विचारीन. आणि मग पाहीन, की त्यात माझ्यासारखी कोणी आहे का. असली आणि पाहताना मला अवघडल्यासारखे झाले, तर तो चित्रपट चांगला. नुसते रडून मोकळे वाटले, तर माझे काही तरी चुकले असे समजेन.

सणाच्या अंकात हे सारे कडू झाले असेल, तर वाचकांनी क्षमा करावी. आमच्याकडे फराळाच्या ताटात कडू काही ठेवीत नाहीत. पण नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावतात आणि मगच गोड खातात. तेवढ्याच मापाचे हे समजावे.

माझी शेजारीण यंदा भावाच्या टोळीत गेली. अर्धा कोयता म्हणून. जाण्याच्या दोन दिवस आधी ती आली आणि म्हणाली, “बाई, पोरीची शाळा बुडती. हंगाम सरस्तवर ठिवून घेता का?” मुलगी सहावीत आहे. मी लगेच हो म्हणाले असे लिहायला मला आवडले असते. पण मी म्हणाले, उद्या सांगते. रात्रभर घरातल्या अडचणी मोजल्या. सकाळी जाऊन हो म्हटले. याने पाच हजारांचा हिशेब मिटत नाही आणि मिटला असे मला वाटूही नये.

हे लिहिते आहे तेव्हा ती मुलगी अंगणात रांगोळी काढते आहे. मघाशी तिने विचारले, “बाई, आई पोचली असंल का?” मी म्हटले, पोचली असेल. मग ती म्हणाली, “तिथं कोपीला पणती लावत्यात का?” उसाच्या पाचटाची कोपी, तिच्याशेजारी पणती लावणे धोक्याचे. हे मला सुचले, पण मी ते तिला सांगितले नाही. दोघींनी मिळून एक पणती जास्तीची लावली आणि ती तिच्या घराच्या बंद दारापाशी नेऊन ठेवली.